दुसऱ्याचं फावडं

आफ्रा लग्न होऊन पलीकडच्या खोऱ्यात गेली, त्याच हिवाळ्याच्या शेवटी तिचे दोघे भाऊ डोंगरावर निघाले. बाप जाऊन वर्ष झालं होतं. शिखरावरच्या क्रूसापाशी मेणबत्ती लावायची आणि उत्तरेच्या घळीतून स्कीवर खाली उतरायचं. ती घळ बापाची, तो कायम तिथूनच उतरायचा. त्याच्या मुलांनी त्या दिवशी तिथे जायला हवं, असं गाव धरून चाललं होतं. ते गेले नसते तर गाव बोललं असतं.

पहाटेची वेळ. तळघरात दिवा लावलेला होता. थोरला व्हिगिल बाकावर बसून बुटांच्या कड्या आवळत होता. धाकटा सेराफिन त्याच्याकडे पाठ करून पिशवी भरत होता. आई, नोटबुर्गा, चहाचा थर्मास घेऊन दारात उभी होती.

"दोर घेतलात का, मालक?" सेराफिनने मागे न वळता विचारलं.

"घेतला."

"घरचाच असेल. म्हणजे तुमचाच."

"शेत वाटलं जात नाही. एकालाच जातं. तो कायदा मी केला नाही."

"छे, तुम्ही कशाला कराल? तुम्ही फक्त आधी जन्मलात."

व्हिगिलने शेवटची कडी इतक्या जोरात दाबली की खटक्याचा आवाज भिंतीवर आदळला.

खुंटीवर बापाची एअरबॅगची पिशवी लटकत होती. कोसळत्या बर्फाच्या लोंढ्यात सापडलं की मूठ ओढायची. फुगा फुगतो आणि माणूस बर्फाच्या वर राहण्याची आशा असते. घरात ती एकच होती. नोटबुर्गाने ती काढून बाकावर ठेवली.

"जो पुढे उतरणार त्याने घालायची."

"पुढे मी," सेराफिन म्हणाला. "पण पिशवी कोणाची ते आधी विचार."

"घे की. कोणी हात धरलाय?" व्हिगिल म्हणाला.

"दान नको मला."

"मग राहू दे."

व्हिगिलनेही ती उचलली नाही. दोघेही तिला वळसा घालून आपापलं सामान घेत राहिले. हार्नेस, बर्फाची कुऱ्हाड, हेल्मेट. हेल्मेटचा पट्टा बांधताना कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

मग बीपर, बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारी यंत्रं, तपासायची वेळ आली. ते तिकडे कोणी टाळत नाही, बोलणं बंद असलं तरी. सेराफिनने आपला बीपर छातीवर बांधला. व्हिगिलने आपला शोधायच्या खुणेवर फिरवला आणि भावाच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. यंत्र टुकटुकलं. बापाच्या दफनाच्या दिवसानंतर ते इतके जवळ आलेच नव्हते.

"वाजतोय," व्हिगिल म्हणाला.

"वाईट वाटलं?"

मग त्यांनी उलट तपासलं. तोही वाजला. व्हिगिल मागे सरकला तेव्हा त्याला सेराफिनच्या उघड्या पिशवीत काहीतरी पिवळं दिसलं. त्याने हात घालून ते बाहेर काढलं. प्लॅस्टिकचं फावडं होतं, शर्यतीत धावणारे नेतात तसलं. दांडा वीतभर.

"हे काय?"

"फावडं."

"हे खेळणं आहे. लोंढा थांबला की बर्फ सिमेंटसारखा आवळतो, हे तुला शिकवायला हवं का? याने माणूस निघेल?"

"हलकं आहे. चढाला बरं."

"सेराफिन, तुझ्या पिशवीतलं फावडं तुझ्यासाठी नसतं. ते माझ्यासाठी असतं."

"माहीत आहे," सेराफिन म्हणाला. "म्हणूनच वजनाचा विचार केला."

नोटबुर्गाने थर्मास खाली ठेवला. "पुरे. मी शेजारच्या आलोइसच्या घरून त्यांचं लोखंडी घेऊन येते. दोघांकडे चांगलं असू दे."

"आई, या घरातून बाहेर पडताना मला उसनं काही नको."

"तुझ्यासाठी नाही रे, त्याच्यासाठी—"

"मग त्याने मागावं."

व्हिगिलने मागितलं नाही. तो थोडा वेळ ते पिवळं फावडं हातात फिरवत राहिला. मग आपल्या पिशवीतून बापाचं फावडं काढलं, रुंद पात्याचं, लांब दांड्याचं, आणि ते सेराफिनच्या पिशवीत खुपसलं. पट्टे स्वतः ओढले, घट्ट.

सेराफिन जरा गोंधळला. "आणि तू?"

व्हिगिलने प्लॅस्टिकचं आपल्या पिशवीत टाकलं.

"तुला हे पुरे. तूच निवडलंस."

सेराफिन हसला. मनापासून हसला, लहानपणी हसायचा तसा, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याने भावाला नावाने हाक मारली. "चल, व्हिगिल," तो म्हणाला. "तू बाबांच्याही वरताण निघालास."

नोटबुर्गा दारातून हलली नाही. त्यांना तिच्या अंगाला घासून जावं लागलं. व्हिगिलला तिने कोपराशी धरलं आणि सोडून दिलं.

मेणबत्ती त्यांनी लावली. वारा होता, तरी काचेच्या आड ती टिकली. उतरताना घळीच्या दुसऱ्या वळणावर सेराफिनच्या स्कीखालून बर्फाचा अख्खा थर सुटला आणि त्या लोंढ्यात तो गाडला गेला. व्हिगिल वरच्या खडकाच्या आडोशाला थांबला होता, त्याला काही झालं नाही. तो ओरडत खाली आला. बीपरने भावाला लगेच शोधून दिलं. त्यात वेळ गेला नाही. वेळ खणण्यात गेला.

सेराफिन मार्चच्या अठरा तारखेला मेला, सकाळी, चर्चची दहाची घंटा व्हायच्या आधी.