बोट ठिवून दाव

"ताई, हे असंच छापलं तर लोक हसतील," म्हणत भावानं माझ्या कीबोर्डवर वाकून एक बटण दाबलं.

त्या बटणाला जोडलेली कमांड मीच ऑफिसच्या कामासाठी लिहिली होती. निवडलेला मजकूर ती प्रमाण भाषेत बदलायची. काहीच निवडलेलं नसेल, तर अख्खी फाइल. त्यानं काहीच निवडलं नव्हतं. आईनं शेवटच्या आजारपणात सांगितलेल्या आठवणी क्षणात शुद्ध झाल्या. 'म्या कुनाला भ्याले न्हाई'चं 'मी कोणाला घाबरले नाही' झालं. टीव्हीवरची बातम्या देणारी बाई बोलतेय, असं वाटलं.

मी बदल मागे घेतला. मग कमांड उघडून 'काहीच निवडलेलं नसेल, तर' या एकाच अटीपुढचं बदललं.

"आता दाब."

"अगं, वर्षश्राद्धाला वाटायचंय पुस्तक. माझ्या सासरचे येणारेत."

"दाब रे."

त्यानं दाबलं. आईचं एक अक्षर हललं नाही. खाली फक्त एक ओळ उमटली. तो ती मोठ्यानं वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा सूर थेट आईसारखा चढला,

"आधी बोट ठिवून दाव, काय चुकलंय त्ये. मंग बघू."

त्यानं बटणावरचं बोट काढून घेतलं.