गिऱ्हाइकाची मुलगी

दुकानात येणाऱ्या एका आईच्या पत्राला औषधवाल्याने उत्तरच दिलं नव्हतं. तिने विचारलं होतं, "मुलाच्या बायपोलरवर ही तिसरी गोळी. यातून कुणाचं पोर सावरलेलं पाहिलंत का हो?"

स्वतःच्या मुलीच्या त्याच आजाराच्या गोळ्या तो, चारचौघांत बोभाटा नको म्हणून, लांबच्या दुकानातून आणायचा.

बदलता बदलता एकदाची एक गोळी मुलीला लागू पडली, तेव्हा त्याने लिहायला घेतलं, "धीर सोडू नका. आमच्या एका गिऱ्हाइकाची मुलगी सावरली."

मुलीने खांद्यावरून वाचलं. "बाबा, माझ्या गोळ्या आपल्या दुकानातून कधी घेतल्यात?"

मान वर न करता त्याने 'आमच्या एका गिऱ्हाइकाची' खोडलं आणि वर 'माझी' लिहिलं.

पत्र पेटीत तिनेच टाकलं.