कुरतडलेली मूठ

इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवून बाबांनी मोटरसायकलचं पुढचं चाक अधांतरी उचललं, तेव्हा लेकीची बॅग मागच्या सीटवर बांधूनही झाली होती. घाटापलीकडच्या वीजकेंद्रावर तिला उद्या हजर व्हायचं होतं. उजेडात घाट उतरायचा म्हणजे आत्ताच निघायला हवं होतं.

तिने चाक वरून-खालून धरून हलवून दाखवलं. ते तसूभरही डुगडुगत नव्हतं. "काही झालेलं नाही, बाबा. ठणठणीत आहे," ती ओरडली, आणि ओरडून उपयोग नाही हे आठवून तिने हातानेच तशी खूण केली.

बाबांचे कान गेले तेव्हा ती प्रशिक्षणासाठी दूर होती. परत येऊन बघते तर कानाचं यंत्र कपाटात पडलेलं, त्यात नुसता कल्लोळ ऐकू येतो म्हणून, आणि गॅरेजसमोरची रांग ओसरलेली. ज्याला स्वतःच्या दाराची कडी वाजलेली कळत नाही, त्याला इंजिनाचं दुखणं काय कळणार, असं लोक बोलत. लोकांचं सोडा, मनातल्या मनात तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. तसं वाटतं याचा तिला स्वतःचाच राग येई.

बाबांनी हवेत बोट गोल फिरवलं. फिरव. तिने चाक फिरवलं. त्यांनी लांब दांड्याचा जुना स्क्रूड्रायव्हर तोंडात धरला, शिंपी टाचणी धरतो तसा, आणि टोक थेट चाकाच्या एक्सलला टेकेपर्यंत वाकून डोळे मिटून घेतले. हात मोकळे राहावेत म्हणून असेल, असं तिला वाटलं. चाक थांबलं. बोट पुन्हा गोल फिरलं. परत. तिने परत फिरवलं. सूर्य काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता, आणि बाबांना कसलीच घाई नव्हती.

"बेअरिंग," स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढत ते म्हणाले, गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "डावं. पण दोन्ही बदलू."

"अहो, एवढ्यात काही होत नाही त्याला," ती ओठ नीट हलवत म्हणाली. "पुढच्या खेपेला आले की बघू."

"नाही होणार. उन्हाळाभरसुद्धा नाही होणार कदाचित. पण ज्या दिवशी होईल त्या दिवशी तू उतारावर असशील, आणि मी इथे."

म्हाताऱ्याचं मन राखायचं, एवढ्यासाठी तिने जॅकेट काढून खुंटीला अडकवलं.

बाबांचे हात मात्र बघत राहावेत असे होते. चाक उतरलं, सील निघालं. बेअरिंग आतून ठोकताना एक टोला इकडून, एक तिकडून, कुठे तिरकं होऊ दिलं नाही. दोन बेअरिंगांमधली नळी पुसून जागच्या जागी गेली. ती घालायची राहिली की नवा मालही फुकट जातो. नवं बसवताना त्यांनी उजवीकडचं जुनंच बेअरिंग त्यावर पालथं घालून हातोडी मारली, म्हणजे मार बाहेरच्या कड्यावर बसतो आणि आतल्या गोळ्यांना झळ लागत नाही. बेअरिंग तळाला टेकलं तसा टोल्याचा आवाज बदलला. तो तिने ऐकला. बाबांना तो तळहातात कळला असावा, कारण हातोडी तिथेच थांबली.

मग डावीकडचं जुनं बेअरिंग पुसून त्यांनी तिच्या हातावर ठेवलं. "करंगळीत घाल. हळू फिरव."

फिरलं, लोण्यासारखं फिरलं. आणि एका जागी, घासात बारीक खडा लागावा तसं काहीतरी बोटाला लागलं. तिने परत फिरवलं. परत त्याच जागी. घाटातलं एकेक वळण तिच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"बाबा, हे तुम्हाला कळलं कसं?"

त्यांनी पुढच्या दातांवर नखाने टकटक केलं. "कान गेले. हाडं आहेत की अजून! दातात धरलं की लोखंड थेट डोक्यात बोलतं. ही मूठ बघ."

स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ चावून चावून खडबडीत झाली होती. आल्यापासून तिने ती कितीदा पाहिली होती, आणि गॅरेजातल्या उंदरांचा बंदोबस्त करायचं ठरवलं होतं. आता हसावं की रडावं तिला कळेना. समोर गिऱ्हाईक नाही, कानात आवाज नाही, आणि हा माणूस इथे एकटा बसून नव्याने ऐकायला शिकला होता. आपल्या बापाचा एवढा अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

चाक चढलं. तिने जॅकेट घातलं, हेल्मेट घातलं.

"पोचलीस की मेसेज टाक," बाबा ओरडले. "फोन नको करूस. काय उपयोग त्याचा?"

तिने किल्ली लावली आणि परत काढली. हेल्मेट उतरवलं, स्क्रूड्रायव्हर शर्टाच्या टोकाला स्वच्छ पुसला आणि मूठ बाबांपुढे धरली. ते बघतच राहिले. मग त्यांनी मूठ दातात धरली. दुसरं टोक तिने आपल्या हनुवटीच्या हाडाला टेकवलं, आणि घरात बोलतात तशा हळू आवाजात म्हणाली, "बाबा, येते मी."

बाबांनी डोळे मिटले. मग त्यांचं बोट वर आलं आणि हवेत गोल फिरलं. परत.