हात लावू नये

शास्त्रज्ञ भावाने आयुष्याची पुंजी ओतून लोकांसाठी विज्ञानघर उभारलं आणि किल्ल्या थोरल्या बहिणीच्या गळ्यात मारल्या. ती रोज सकाळी उपकरणांवर 'हात लावू नये' अशा पाट्या लावायची आणि दुपारपर्यंत हा पठ्ठ्या त्या काढून खिशात घालून मोकळा व्हायचा. आज कुणीतरी सूक्ष्मदर्शकाचं भिंग फोडलं, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. "इथे माझ्या नाकी नऊ आलेत आणि तुझी ही थेरं. एक पाटी राहिली तर तुझं काय बिघडतं?" "पाटी वाचली की लोक लांबूनच बघून परत जातात." "मोठा आलास लोकांचा कैवारी. लहानपणी तुझ्या दुर्बिणीच्या खोक्यावर 'ताईने हात लावू नये' कुणी लिहिलं होतं? त्यानंतर विज्ञानाच्या वाटेला गेले नाही मी." काचा वेचता वेचता तो थांबला. "रोज तीच पाटी तर काढतोय मी, ताई."