वाटेतला थांबा

"ओढ त्याला वर! ताई, ओढ म्हणतो ना!" धाकटा तराफ्यावर उडी टाकून आला, तो थेट दोरावरच झेपावला.

थोरलीनं दोर पाठीमागे घेतला. "हात लावशील तर याद राख. अजून बावीस मिनिटं आहेत."

दोराच्या दुसऱ्या टोकाला, धरणाच्या पाण्यात तीन मीटर खोल, पाणबुड्याचं काम करणारा मधला भाऊ लटकून होता. तासभर तळाशी दारांच्या जाळ्या साफ करून तो वर निघाला होता, आणि हा त्याचा वाटेतला शेवटचा थांबा होता. तिकडे इस्पितळात आईला घरघर लागली होती. ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई सारखं मधल्याचंच नाव घेत होती.

"तीन मीटर म्हणजे काय गं? एकावर एक दोन माणसं उभी केली की संपलं!"

"मग राहा जाऊन उभा."

थोरलीनं घड्याळ पाहिलं. काटा लंगडत चालल्यासारखा वाटत होता. तिचेही तळहात दोर ओढायला शिवशिवत होते.

तेवढ्यात तराफ्याच्या दुसऱ्या कडेला बसलेल्या नावाड्यानं आपला गळ तळातून सरसर ओढून घेतला. हातभर लांब मासळी. डोळे खोबणीबाहेर आलेले, आणि तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी लोंबतंय.

"हे काय?" धाकटा दचकला.

"तिचंच पोट. आतली हवा फुगली, की पोट तोंडात येतं," नावाडी म्हणाला. "गाभोळीनं, अंड्यांनी भरलीय बिचारी." त्यानं गळ काढून तिला पाण्यात सोडलं. ती उताणी तरंगत राहिली. खाली जायला शेपूट आपटत होती, पण पोटातली हवा तिला बुडू देईना.

"बघ नीट," थोरली म्हणाली. "खाली पाणी दाबून धरतं, म्हणून हवा गप्प असते. तळातली वाटीभर हवा वर येईतो चार वाट्या होते. त्याच्या तर ती रक्तात मुरलीय. एकदम वर काढला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखी उसळेल. तसा नेऊन घालतोस आईपुढं?"

धाकटा चार पावलं चालला, परत आला.

"आणि तोवर ती गेली तर? तो जन्मभर तुला माफ करेल?"

थोरलीनं दोर आणखी घट्ट धरला.

फोन वाजला. मधल्याच्या बायकोचा होता. धाकट्यानं दोन शब्द ऐकले आणि फोन थोरलीच्या कानाला लावला. "आई बोलतेय."

"कुठंय... तो?"

"पाण्यात आहे, आई. निघालाय. मध्ये थांबावं लागतंय."

"किती?"

पाच मिनिटं, असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. आईशी ती आजवर खोटं बोलली नव्हती. "सोळा मिनिटं, आई. मग गाडीनं वीस."

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. बऱ्याच वेळानं दुसरा.

"त्याला घाई करू नका," आई म्हणाली. "मी थांबते."