न मोडणारा पंख

पंख पुन्हा मोडला होता. सासरे दारात उभे होते. काखेत विमानाचं धड, हातात डाव्या पंखाचा तुकडा, आणि चेहरा शेजाऱ्यांची काच फोडून आल्यासारखा.

"ऐन वेळी वारा फिरला गं," ते म्हणाले.

"दर रविवारी बरा ऐन वेळी फिरतो, अण्णा!"

त्यांनी विमान गुपचूप जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि चहा टाकायला आत सटकले.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिमोटवर उडणारं हे विमान तिच्या नवऱ्यानं बांधलं होतं, फासळी न् फासळी हातानं कापून. ते पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत तो गेला. ती दातांची डॉक्टर. दवाखान्याला कुलूप लागलं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माहेरची माणसं आली, समजावून थकली, परत गेली. मग एका रविवारी सासऱ्यांनी कुणाला न विचारता ते विमान मैदानावर नेलं आणि मोडून आणलं. त्या दिवशी ती उठली. उठली ती भांडायलाच.

"त्यांच्या हातचं एवढंच उरलंय, आणि तुम्ही त्याचीही वाट लावलीत!"

"खरंय," सासरे म्हणाले होते. "हात थरथरतो हल्ली. तू जोडून देशील?"

तिनं जोडलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा मोडलं. विमान भिंतीवर टांगू म्हटलं तर म्हातारा ऐकायला तयार नाही. "उडायला बांधलंय त्यानं," एवढं म्हणायचं आणि सोमवारपासून तिच्या हातात सरस द्यायला हजर. नशीब एवढंच, की मोडायचा तो पंखच. नाक, शेपटी, मोटर यांना कधी ओरखडाही यायचा नाही.

आधी तिनं मोडल्या जागी प्लायवूडची पट्टी बसवली होती. पंख तिथं मोडला नाही. पट्टी संपत होती तिथं मोडला. पट्टी लांब केली, तर तिच्याही पलीकडे मोडला. आज तुकडा हातात फिरवताना तिच्या डोक्यात उजेड पडला. मजबुती जिथं एकदम थांबते, तिथंच पंख दगा देतो. ठीक आहे. सासरे सुधारत नाहीत ना, मग पंखच असा करायचा की आपटला तरी हूं का चूं करणार नाही. तिनं बाह्या सरसावल्या.

हलणारे दात एकमेकांना बांधायला काचेच्या धाग्यांची फीत असते. ती आणायला तिनं दवाखाना उघडला, धूळ पाहून नाक मुरडलं, आधी खुर्ची पुसली आणि मग फीत घेतली. पंखाच्या मुख्य दांडीला तिनं वरून आणि खालून कार्बनच्या काड्या चिकटवल्या. एक लांब, एक आखूड, एक त्याहून आखूड, म्हणजे जोर टोकाकडे हळूहळू कमी होत जाईल. जोडांवर फीत गुंडाळली, वरून सरस चढवला आणि दाताला टोपी बसवताना घासतात तसं सगळं घासून गुळगुळीत केलं. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पंखच होता. सासरे ताट मांडीवर घेऊन जेवले, पण कुरकुरले नाहीत.

शनिवारी तिनं पंखाची टोकं दोन खुर्च्यांवर टेकवली आणि मधोमध पिठाचा डबा ठेवला. त्यावर साखरेचा डबा. त्यावर इस्त्री. पंख वाकला, करकरला आणि तसाच राहिला.

"घ्या," ती म्हणाली. "आता मोडून दाखवा."

"आता अवघड आहे खरं," सासरे म्हणाले. कौतुक करायचं सोडून ते चेहरा पाडून बसले.

रविवारी ती त्यांच्याबरोबर मैदानावर गेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, कारण रविवारी दवाखान्यात गर्दी असायची. नवरा विमान उडवतो आणि सासरे पिशवी धरतात, असाच तिचा समज होता. विमान वर चढलं. शेजारी नवऱ्याचा दोस्त उभा होता, गॅरेजवाला.

"भाऊ, उतरवायच्या वेळी रिमोट तुम्ही घ्या," ती म्हणाली. "अण्णांना जमत नाही आता."

तो हसला. मग ती गंमत करत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"वहिनी, आम्हा सगळ्यांना अण्णांनीच शिकवलंय. तुमच्या ह्यांनाही. जमिनीवर रुमाल अंथरा, त्यावर उतरवतील ते."

"मग दर रविवारी मोडतं कसं?"

गॅरेजवाला बुटानं गवत उकरत राहिला. "शेवटच्या फेरीला मुद्दाम पंखाचं टोक जमिनीला टेकवतात. आम्ही भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, पोराची शेवटची वस्तू आहे ही. तर म्हणाले, म्हणून तर. दुसऱ्या कशासाठी सून उठतच नाही."

विमान शेवटच्या फेरीला वळलं. खाली आलं. पंखाचं टोक गवताकडे झुकू लागलं, नेहमीपेक्षा जास्तच, कारण या पंखाला जोरात आपटावं लागणार होतं.

ती धावत सासऱ्यांजवळ गेली. रिमोटवरचे त्यांचे अंगठे अगदी स्थिर होते. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

"अण्णा, नीट उतरवा," ती म्हणाली. "मोडलं नाही तरी मी उद्या उठेन."