खानावळीच्या जागी मठ

इंग्लंडातल्या वाय नदीकाठची डॉर्कसबाईंची खानावळ शेवटी पाडली गेली. पण हे आपल्याला ठाऊकच नाही असं धरून चालू. कारण चित्रकार फेनविक आला त्या दिवशी तिचं धुराडं झोकात धूर सोडत होतं, सहलीच्या होड्या काठाला लागल्या होत्या आणि मंडळी हिरवळीवर पसरून सामन मासा आणि सफरचंदाची दारू हाणत होती.

फेनविकने हिरवळीच्या टोकाला बसून सगळं जलरंगात उतरवलं. नदीचं वळण, कडे, धुकं, झाडाखाली टेकलेल्या छत्रीवाल्या बायका. डॉर्कसबाई एप्रनला हात पुसत बघायला आल्या. चित्रात त्यांच्या खानावळीच्या जागी वेलींनी झाकलेला पडका मठ होता.

"अहो, माझी खानावळ कुठंय?"

"ती दृश्यात बसत नाही, बाई."

"बसत नाही म्हणजे? लग्न होऊन आले तेव्हापासून बसलीये ती इथं!"

"धुराडं बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं का?"

"माझ्या येतं. लाकूड ओलं असलं की."

चित्र लंडनच्या प्रदर्शनात गाजलं. त्याच्या छापील प्रती निघाल्या. पुढच्या उन्हाळ्यात होड्या आल्या, त्या प्रत्येकीत एकेक प्रत होती.

"मठ कुठाय?" लोक होडीतूनच ओरडत.

"मठ नाही! गरम सामन आहे!" डॉर्कसबाई काठावरून ओरडत.

होड्या पुढे निघून जात. हिरवळीवर बदकं तेवढी उतरत, आणि ती काही विकत घेत नसत.

डॉर्कसबाईंचा धाकटा दीर एनॉक, त्या होड्यांवर वल्हं मारणारा, एक दिवस मुद्दाम उतरला. "वहिनी, विकून टाका आता. लोकांना रडायचंय, आणि तुम्ही त्यांना जेवायला बोलावताय."

"मी इथून हलणार नाही."

"पण चित्रात तुम्ही नाहीच आहात!"

"मग बघतेच. ते चित्र खरं का मी खरी. गिऱ्हाईक इथंच उतरणार, एनॉक. लिहून ठेव."

"मला लिहिता येत नाही."

"मग नुसता बघत राहा."

पानगळीत मॉन्मथहून गवंडी आले, तेव्हा एनॉकला बरं वाटलं. वहिनी माडी चढवणार, आंधळ्या चित्रकारालाही दिसेल एवढी उंच, असं तो वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला.

मे महिन्यात फेनविक स्वतः होडीभर रसिक घेऊन आला. काठावर उतरला, समोर बघितलं आणि गुडघे टेकून हमसाहमशी रडला. "म्हणालो नव्हतो, मठ आहे म्हणून!" खानावळीच्या फोडलेल्या भिंतीतल्या फुटक्या कमानीखाली, नव्याने लावलेल्या वेली हाताने बाजूला सारत, डॉर्कसबाई गरम सामन वाढत होत्या. त्याच आठवड्यात त्यांनी राजदरबारी अर्ज धाडला: "तीनशे वर्षांपूर्वी आठव्या हेन्री महाराजांच्या शिपायांनी देशभरचे मठ फोडले, तेव्हा आमचा मठ मात्र त्यांनी अर्धवट सोडला. स्वयंपाकघराची मागची भिंत फारच मजबूत असून स्थानिक गवंड्यांच्याने पाडवत नाही. सबब, सदर काम पुरं करण्यास तेच शिपाई सरकारी खर्चाने तातडीने परत पाठवावेत, ही विनंती."